दासी, माऊली आणि राणी : येशूच्या मातेच्या सन्मानाविषयीचा एक जुना वाद

लखनौ शहरातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगू लागले की दोन नावे टाळता येत नाहीत. इझाबेला थोबर्न या अमेरिकन मेथॉडिस्ट बाईंनी १८७० साली अमीनाबादेत मूठभर मुलींना घेऊन शाळा सुरू केली. तिच्यातूनच पुढे त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७२ साली, लोरेटो संघाच्या कॅथलिक जोगिणींनी याच शहरात आपले कॉन्व्हेंट स्थापन केले. दोन्ही संस्थांनी मुलींच्या हाती पाटी-पुस्तक दिले, दोन्ही ठिकाणी सकाळची प्रार्थना होई आणि दोन्ही ठिकाणी येशू ख्रिस्तालाच प्रभू मानले जाई. तरीही एका गोष्टीत या शेजारणींचे मुळीच जुळले नसते. लोरेटो संघाचे त्या काळचे अधिकृत नावच धन्य कुमारी मरियेच्या नावावरून ठेवलेले होते, आणि या जोगिणी मरियेला स्वर्गाची राणी म्हणून वंदन करीत. मेथॉडिस्ट पंथाच्या पंचवीस धर्मकलमांपैकी चौदावे कलम मात्र संतांचा धावा करण्याला शास्त्राधार नाही असे स्पष्ट सांगते. येशूच्या मातेला आदर द्यावा, तिचे चरित्र मुलींपुढे ठेवावे, एवढे थोबर्नबाईंच्या पंथाला मान्य होते. तिला राणी म्हणून हाक मारणे मान्य नव्हते.

हीरक महोत्सवाच्या ग्रंथात अशा विषयाला जागा का द्यावी, असे काही माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना वाटेल. आपल्या वर्गांतून सर्व धर्मांची, पंथांची मुले एका बाकावर बसतात. इतर धर्मांतील मतभेद आपण बाहेरून पाहतो तेव्हा ते क्षुल्लक वाटतात. आपल्या घरातले मतभेद मात्र फार मोठे असतात. ‘एकाच देवाला मानतात, मग एका शब्दावरून भांडतात कशाला?’ हा प्रश्न इतिहासाच्या तासाला हमखास येतो. त्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना काय गमवायचे भय होते, ते समजून घ्यावे लागते. या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या मराठी भाषेत लिहिला गेला आहे आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नाही, हे या लेखाचे दुसरे कारण.

प्रथम, मतभेद कशाविषयी नाही ते पाहू. येशूची माता मरिया ही नासरेथ गावातील एक साधी स्त्री होती, हे सर्व ख्रिस्ती मानतात. लूकच्या शुभवर्तमानात देवदूताचा निरोप ऐकून ती स्वतःला प्रभूची दासी म्हणवते, आणि पुढे एक स्तोत्र गाते. देव सामर्थ्यवानांना आसनांवरून खाली ओढतो आणि दीनांना उंचावतो, असा त्याचा आशय आहे. हे स्तोत्र कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघेही उपासनेत म्हणतात. इसवी सन ४३१ मध्ये एफिसस येथे भरलेल्या धर्मपरिषदेने मरियेला ‘देवमाता’ ही पदवी मान्य केली. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस याचा या शब्दाला विरोध होता. त्याच्या मते तिला ख्रिस्तमाता म्हणावे. वरवर पाहता तो वाद मातेविषयी होता, पण खरा प्रश्न पुत्राविषयीचा होता : जन्माला आलेला तो बालक कोण होता? पुढील पंधराशे वर्षांत मरियेविषयी जे जे वाद झाले त्या प्रत्येकाच्या मुळाशी पुत्राविषयीचा प्रश्न आहे. हे सूत्र हाती धरले की पुढची गुंतागुंत पुष्कळशी सुटते.

आता राणीपदाकडे वळू. बायबलमध्ये मरियेला कोठेही राणी म्हटलेले नाही, हे दोन्ही बाजू मान्य करतात. तरी कॅथलिक परंपरा तीन आधार देते. पहिला आधार राजांच्या पहिल्या ग्रंथातील आहे. शलमोन राजाची माता बथशेबा दरबारात येते तेव्हा राजा उठून तिला वंदन करतो आणि आपल्या उजवीकडे तिला आसन देतो. दुसरा आधार प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातील बारा ताऱ्यांचा मुकुट घातलेली स्त्री हा. तिसरा काना गावच्या लग्नाचा. तेथे द्राक्षारस संपला, तेव्हा ती गोष्ट पुत्राच्या कानी घातली ती मातेने. यावरून, पुत्र राजा असेल तर माता राजमाता ठरते आणि तिचा शब्द त्याच्यापाशी चालतो, असा युक्तिवाद होतो.

प्रॉटेस्टंट परंपरा याच ग्रंथांकडे वेगळ्या नजरेने पाहते. बथशेबेला आसन मिळाले खरे, पण त्या प्रसंगी तिने केलेली विनंती शलमोनाने मान्य केली नाही, हे ती दाखवून देते. प्रकटीकरणातील स्त्री म्हणजे देवाची सारी प्रजा, असा अर्थ ती लावते. कानाच्या लग्नात मातेचे अखेरचे सांगणे, तो सांगेल तसे करा, असे होते. म्हणजे तिने बोट पुत्राकडेच दाखवले. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात ‘आकाशाची राणी’ हा शब्द येतो तोही एका परक्या देवतेसाठी. तिच्यासाठी पोळ्या भाजणाऱ्या लोकांना संदेष्टा खडसावतो. देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे, हे पौलाच्या नावाने असलेल्या पत्रातील वचन तर या बाजूचा मुख्य आधार आहे.

लखनौच्या वाचकाला हा वाद समजून घ्यायला आपल्या शहराचा इतिहास मदत करतो. १८५६ साली अवधचे राज्य खालसा झाले, तेव्हा वाजिद अली शाह यांची माता मलिका किश्वर मुलाची बाजू मांडण्यासाठी थेट लंडनला गेली. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, पण राज्य परत मिळाले नाही. जानेवारी १८५८ मध्ये परतीच्या वाटेवर पॅरिसमध्ये तिचे निधन झाले. याच सुमारास बेगम हजरत महल आपल्या अल्पवयीन मुलाच्या, बिरजिस कद्राच्या, नावाने लखनौचा कारभार पाहत होती. महाराष्ट्रात जिजाबाईंना आपण राजमाता म्हणतो, तेव्हा शिवाजी महाराजांचे राजेपण उणे होते असे कोणालाही वाटत नाही. उलट पुत्राच्या मोठेपणामुळेच मातेला ते पद शोभते. कॅथलिक भाविकाच्या मनातील राणी ही अशी राजमाता आहे. मराठीत मात्र ‘राणी’ म्हटले की आधी राजाची पत्नी, किंवा स्वतः राज्य करणारी स्त्री डोळ्यांसमोर येते. झाशीची राणी आपण म्हणतो ती याच अर्थाने. प्रॉटेस्टंट मनाला भय वाटते ते या दुसऱ्या अर्थाचे : स्वर्गात दोन सिंहासने झाली तर पहिल्याचे एकमेवपण राहील काय? रदबदली करणारी राजमाता आणि स्वतंत्र सत्ता चालवणारी राणी यांतील अंतर शब्दाने सांभाळले नाही, की वाद पेटतो.

युरोपात तो सोळाव्या शतकात पेटला. मार्टिन लूथर याने १५२१ साली मरियेच्या स्तोत्रावर भाष्य लिहिले. त्यात तिच्याविषयी विलक्षण जिव्हाळा आहे. स्वर्गाची राणी हे नाव त्याने खोटे ठरवले नाही. पण त्याचा अतिरेक करू नये, त्यामुळे ती देवी होत नाही, असे त्याने बजावले. तिच्याकडे पाहून देवाच्या कृपेवर विश्वास बळावा, एवढेच त्याला हवे होते. पुढच्या पिढ्यांत मात्र हा तोल राहिला नाही. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ साली, वॉल्सिंगहॅम येथील मरियेचे प्रसिद्ध तीर्थस्थान उद्ध्वस्त करण्यात आले. कॅथलिक बाजूनेही शब्दांना धार आली. इटलीतील लोरेटो या तीर्थावरून ओळखली जाणारी मरियेची नामावली १५८७ साली पाचव्या सिक्स्टस पोपने मान्य केली. तिच्या अखेरीस देवदूतांची राणी, संदेष्ट्यांची राणी अशी राणीपदाची मालिकाच आहे. लखनौच्या लोरेटो कॉन्व्हेंटच्या नावामागे तेच गाव आहे. ज्या घरात एका बाजूला मूर्ती फोडली गेली आणि दुसऱ्या बाजूला पदव्या वाढल्या, तेथे शांतपणे बोलणे अवघड झाले.

याच इंग्लंडातून एक तरुण आपला कॅथलिक धर्म सांभाळण्यासाठी बाहेर पडला आणि १५७९ साली गोव्यात येऊन पोहोचला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. चाळीस वर्षे तो या भूमीत राहिला, येथील भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ कोकणीची छटा असलेल्या मराठीत आहे आणि त्यातील मराठी भाषेची स्तुती आपल्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. पण आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने वेगळीच गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. स्टीफन्सपुढे तयार ख्रिस्ती मराठी शब्दसंग्रह नव्हता. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. पुराण हा प्रकार आणि ओवी हा छंदही येथलाच घेतला. युरोपातील पदव्यांचे भांडण त्या शब्दांना अजून चिकटलेले नव्हते. अर्थात गोव्यातील चित्र एवढे सोज्ज्वळ नव्हते. पोर्तुगीज सत्तेने मंदिरे पाडली, १५६० पासून तेथे इन्क्विझिशन बसले आणि धर्माच्या नावाने सक्ती झाली. मरियेचे मोठेपण सांगणाऱ्या सुंदर ओव्या आणि सत्तेची जरब ही दोन्ही एकाच काळातली सत्ये आहेत. इतिहास शिकवणाऱ्याने त्यांतील एकही लपवू नये.

उत्तरेला मुंबईजवळ वांद्र्याच्या टेकडीवर या वादाचे दुसरे, अधिक लोकाभिमुख रूप दिसते. तेथील मरियेच्या देवळाला लोक ‘मोत माउली’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत डोंगराला ‘मोंत’ म्हणतात आणि माऊली तर आपलीच. अठराव्या शतकाच्या धामधुमीत जुने देऊळ पडले. कोळी समाजाची आख्यायिका सांगते की मरियेची मूर्ती समुद्रात आहे असे एका कोळ्याला स्वप्न पडले आणि ती खरोखर सापडली. १७६१ च्या सुमारास देऊळ पुन्हा उभे राहिले. आजची दगडी इमारत १९०४ ची, आणि तिचा वास्तुशिल्पी शापूरजी चंदाभॉय हा पारशी होता. ८ सप्टेंबर या मरियेच्या जन्मदिनानंतर भरणाऱ्या जत्रेला हिंदू, मुसलमान, पारशी सारेच जातात, मेणबत्त्या लावतात, नवस फेडतात. ज्या घरातील पुरुष वाऱ्यावादळात होडी घेऊन जातो, त्या घरातील स्त्रीला स्वर्गात आपले गाऱ्हाणे ऐकणारी कोणी आई आहे या भावनेचा केवढा आधार असेल! तिला धर्मशास्त्रातील आराधना आणि सन्मान यांतला भेद कदाचित सांगता येणार नाही. पण तो भेद कॅथलिक शिकवणुकीत आहे : आराधना केवळ देवाची, संतांचा सन्मान, आणि मरियेचा विशेष सन्मान. टीकाकार विचारतात की पुस्तकातला हा भेद मेणबत्ती लावणाऱ्या हाताला कळतो काय. हा प्रश्न रास्त आहे, आणि तो केवळ वांद्र्यापुरता नाही. आपल्या साऱ्याच देवस्थानांना तो विचारता येईल.

१८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि मराठी मुलखात प्रॉटेस्टंट पंथाचे काम सुरू झाले. १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. या पंथात आलेल्या पहिल्या पिढीची मनःस्थिती समजून घेतल्याशिवाय राणीपदाला त्यांचा असलेला विरोध समजणार नाही. ‘यमुनापर्यटन’चे कर्ते बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या अंतःकरणातील उलथापालथ लिहून ठेवली आहे. घरचे देव सोडायचे म्हणजे त्या काळी घर सोडायचे, जात सोडायची, आईबापांचे अश्रू पाहायचे. एवढी किंमत देऊन ज्याने मूर्तीकडे पाठ फिरवली, त्याला दुसऱ्या एखाद्या देवळातील मुकुटधारी मूर्तीपुढे हात जोडायला सांगितले तर काय वाटेल? त्याच्या दृष्टीने तो माघारीचा रस्ता होता. या विरोधात मातेविषयीचा अनादर शोधणे अन्यायाचे होईल.

पण मराठी मनाला माऊलीवाचून करमत नाही. ज्ञानदेवांनाही आपण माऊली म्हणतो आणि विठ्ठलालाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते; मरियेचा धावा त्यांच्या पंथात बसत नव्हता. त्यांनी मग ते आईपण थेट येशू ख्रिस्तालाच दिले. त्यांच्या अभंगांतून ख्रिस्त गुरू होतो, सखा होतो आणि माऊलीही होतो. वांद्र्याच्या टेकडीवर माऊली हा शब्द मातेला मिळाला, अहमदनगरच्या कवितेत तो पुत्राला मिळाला. दोन्हीकडची तहान मात्र तीच होती : राजाच्या दरबारात जायला भिणाऱ्या माणसाला आईच्या कुशीत जायला भीती वाटत नाही. युरोपातील धर्मपंडितांना जो वाद राणी या शब्दापाशी अडलेला दिसत होता, तो मराठीत माऊली या शब्दापाशी आला की पुष्कळ मवाळ होतो, असे मला वाटते. माझ्या मते मराठीने या जुन्या वादात घातलेली भर ही आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या दोन टोकांच्या मधले आहे. १८८३ साली त्या इंग्लंडातील वाँटेज येथे होत्या आणि तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना आश्रय देणारा जोगिणींचा संघ अँग्लिकन होता, म्हणजे रोमच्या सत्तेबाहेरचा. तरी त्याचे नाव कुमारी मरियेवरूनच होते. पुण्याच्या चहाच्या प्रकरणामुळे सर्वांना माहीत असलेल्या पंचहौद मिशनमध्येही या संघाच्या भगिनी काम करीत. म्हणजे प्रॉटेस्टंट म्हणवणाऱ्या एका मोठ्या चर्चमध्येही मरियेच्या नावाला मान होता. सीमारेषा आपण समजतो तितकी सरळ नव्हती. रमाबाईंचा मात्र या संघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी दीर्घ पत्रवाद झाला. मुद्दा मरियेचा नव्हता. चर्चच्या अधिकाराचा आणि त्रैक्याच्या सिद्धांताचा होता. आपण ख्रिस्ताला स्वीकारले, पण कोणा धर्माध्यक्षाने सांगितले म्हणून न पटलेली गोष्ट मानणार नाही, ही त्यांची भूमिका होती. क्रूसावर आपल्या देशातील स्त्रियांना न कळणारी लॅटिन अक्षरे कशाला, तेथे संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती मिशनने ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध केले. शास्त्रात काय आहे ते सामान्य स्त्रीला स्वतः वाचता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. राणीपदाच्या वादात कोणाचे खरे ते ठरवण्याचा अधिकार जाणत्यांच्या हातून वाचणाऱ्या बाईच्या हाती देणारी ही घटना होती.

विसाव्या शतकात वादाला नवे वळण लागले. १९५० साली बाराव्या पायस पोपने मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाचा सिद्धांत जाहीर केला आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये तिच्या राणीपदाचा स्वतंत्र सण सुरू केला. तो आधी ३१ मे रोजी होता; १९६९ पासून २२ ऑगस्टला पाळला जातो. त्याच १९५४ साली वांद्र्याच्या मोत माउलीच्या मंदिराला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. प्रॉटेस्टंट जगाला वाटले की दरी आणखी रुंदावली.

पण लगेचच कॅथलिक चर्चच्या आतच या विषयावर मोकळी चर्चा झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत प्रश्न आला की मरियेविषयी स्वतंत्र ग्रंथ काढावा, की चर्चविषयीच्या ग्रंथातच तिच्यावर एक प्रकरण लिहावे? प्रश्न मांडणीचा दिसतो, पण त्यात सारे आले. स्वतंत्र ग्रंथ म्हणजे तिचे स्थान वेगळे आणि वर. चर्चच्या ग्रंथातील प्रकरण म्हणजे ती भाविकांपैकीच एक, जरी सर्वांत थोर. २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले. स्वतंत्र ग्रंथ नको म्हणणाऱ्यांना १११४ आणि हवा म्हणणाऱ्यांना १०७४ मते पडली. अवघ्या चाळीस मतांचा फरक! जगभरातील धर्माध्यक्ष एका छताखाली बसून जवळजवळ निम्मे-निम्मे विभागले गेले, आणि तरी एकत्र राहिले. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी हा ग्रंथ जाहीर झाला. त्यात राणीपद कायम आहे, पण तिचे कार्य ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीला बाध आणीत नाही, हेही निःसंदिग्धपणे सांगितले आहे. त्याच दिवशी सहाव्या पॉल पोपने तिला ‘चर्चची माता’ ही पदवी दिली, आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या आत ते मुंबईच्या आंतरराष्ट्रीय धर्मसंमेलनासाठी भारतात आले. आपली शाळा त्याच सुमारास आपली पहिली पावले टाकीत होती.

प्रॉटेस्टंट बाजूनेही पावले पडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक एकत्र आले. मरियेविषयी कमीअधिक आदर असलेली मंडळी एका चर्चमध्ये राहू लागली. लखनौत ज्यांची मुळे खोल आहेत ते अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र या ऐक्यात आले नाहीत. २००५ साली अँग्लिकन आणि कॅथलिक धर्मपंडितांच्या संयुक्त आयोगाने मरियेविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. सारे मतभेद मिटले नाहीत, पण कोणता भेद खरा आणि कोणता केवळ शब्दांचा, हे त्यात बरेचसे स्पष्ट झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर व्हॅटिकनच्या सिद्धांतविषयक विभागानेच, मरियेला ‘सह-तारक’ अर्थाची पदवी लावणे योग्य नाही, कारण त्यामुळे ख्रिस्ताचे अनन्य स्थान झाकोळते, असे सांगितले. पाचशे वर्षांपूर्वी जे भय विरोधकांनी बोलून दाखवले होते, त्याची दखल त्या घरानेच आपल्या शब्दांत घेतली.

मराठीतही असाच एक पूल बांधला गेला. वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ सर्व पंथांच्या आणि ख्रिस्तेतर वाचकांनीही आपलेसे केले. पुढे २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. स्टीफन्सने सुरू केलेले काम असे चारशे वर्षांनी मराठी साहित्याच्या मुख्य मंडपात येऊन पोहोचले.

लखनौपुरते आणखी एक सांगणे आवश्यक आहे. या शहरातील मुसलमान बांधवांच्या पवित्र कुराणात हजरत मरियमच्या नावाचा एक संपूर्ण सूरा आहे, आणि नावानिशी उल्लेख असलेली ती त्यातील एकमेव स्त्री आहे. देवाने तिला जगातील स्त्रियांमधून निवडले, असे तेथे सांगितले आहे. तिच्या पुत्राचे देवत्व मात्र कुराणाला मान्य नाही. एकाच स्त्रीला एका मोहल्ल्यात राणी, दुसऱ्यात प्रभूची दासी, तिसऱ्यात निवडलेली बीबी म्हणून आदर मिळतो. आदर सर्वत्र आहे. त्याची सीमा कोठे आखायची याविषयी मतभेद आहेत.

हे मतभेद खोटे नाहीत आणि ‘सगळे एकच’ म्हणून ते पुसून टाकणे हाही एक प्रकारचा अनादर आहे. वॉल्सिंगहॅमची मूर्ती फोडणाऱ्यांनी आणि गोव्यात सक्ती करणाऱ्यांनी समोरच्याचा शब्द आपल्याच अर्थाने घेतला. लूथरचे भाष्य, रमाबाईंची पत्रे आणि १९६३ चे मतदान यांत मात्र माणसे समोरच्याला विचारताना दिसतात : तू हा शब्द वापरतोस तेव्हा तुझ्या मनात काय असते? एका वेळी राणी म्हणजे राजमाता, दुसऱ्या वेळी राणी म्हणजे देवी, असे दोन अर्थ समोरासमोर ठेवल्यावर निम्मे भांडण संपते. उरलेले निम्मे खरे असते, आणि ते सभ्यतेने चालू ठेवता येते.

साठ वर्षांत आपल्या शाळेने हजारो मुलांना व्याकरण, गणित, इतिहास शिकवला. शब्दाचा अर्थ नीट विचारून घेण्याची सवय त्यांपैकी किती जणांच्या अंगी बाणली, याचा ताळेबंद मांडणे कठीण आहे. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरी आज ना उद्या एखादे मूल येऊन विचारील की शेजारच्या घरात त्या बाईच्या चित्रापुढे मेणबत्ती का लावतात, आणि पलीकडच्या घरात का लावत नाहीत. त्या वेळी त्याला घाईने गप्प करू नका. दोन्ही घरांत त्याला घेऊन जा, तेथील आजींना विचारू द्या, आणि त्या दोघी काय सांगतात ते तुम्हीही त्याच्या शेजारी बसून ऐका.